डावं वळण शक्यतो नकोच!

अमेरिकेत घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीच्या तपकिरी गाड्या शक्य तिथे डावीकडे वळणं टाळतात. 🚚

तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जायचं. वाट मोकळी होईपर्यंत गाडी उभी, इंजिन चालू आणि इंधन वाया! धोकाही मोठा. तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या २०१०च्या अहवालानुसार सुमारे २२ टक्के अपघातांत गाडी चौकात डावीकडे वळत होती. उजवीकडे वळताना झालेले अपघात जेमतेम १ टक्का.

म्हणूनच थोडा लांबचा रस्ताही परवडतो. असे मार्ग ठरवायला यूपीएसची 'ओरायन' ही संगणकप्रणाली रोजच्या थांब्यांचा क्रम आखते. तिला २०१६ साली फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. कंपनीच्या हिशेबाने तिच्यामुळे वर्षाला सुमारे १६ कोटी किलोमीटर धाव आणि १ लाख टन कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वाचतं.

आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडे जपायचं ते उजव्या वळणाला. दुधाचा टेम्पो असो की सिलिंडरची गाडी, मार्ग ठरवताना किलोमीटरसोबत चौक, वळणं आणि शाळा सुटायच्या वेळाही लक्षात घ्या. डिझेल वाचेल, जीवही वाचतील. 🌱

#सुरक्षित_वाहतूक #पर्यावरण