माडीवर लादी बसवण्याआधी

रत्नागिरीत मार्च ते मे हे लादीच्या दुकानांचे महिने. चाकरमानी सुट्टीला येण्याआधी घर नवं दिसावं, निदान गणपतीला तरी दिसावं, आणि सगळं काम आगोटीच्या आत उरकावं, अशी सगळ्यांची घाई असते. गुजरातेतल्या मोरबीहून आलेली दोन बाय दोनची खोकी टेम्पोत भरून गावोगाव जातात. तळमजल्याचं काम सरळ असतं. खाली चिऱ्याचं जोतं, आत चोपून घेतलेला भराव, त्यावर कोबा, मग सिमेंट-वाळूचा माल आणि लादी. प्रश्न सुरू होतो तो जिना चढल्यावर.

जुन्या कोकणी घराची माडी म्हणजे कडीपाट. साग, फणस, ऐन किंवा किंजळाच्या तुळया आणि त्यांवर ठोकलेले पाट. कालांतराने पाटांत फटी पडतात, वरून चाललं की खाली माजघरात माती झडते. मग कोणीतरी स्वस्तातला उपाय सुचवतो: वर भुशाचा बोर्ड टाका, सपाट होईल. बाजारपेठेतल्या गाळ्यांत लोखंडी अँगलवर पोटमाळा काढतानाही हाच बोर्ड वापरतात, आणि किनाऱ्याकडच्या पर्यटकांसाठी उभारलेल्या तयार केबिनांतही कधीकधी तो जमिनीखाली सापडतो. सपाट, गुळगुळीत, एकसंध पृष्ठभाग पाहिला की पुढचा विचार आपसूक येतो. यावर सरळ लादी का बसवू नये?

बसवू नये, असंच याचं उत्तर आहे, आणि रत्नागिरीच्या हवेत तर ते जास्तच ठाम दिलं पाहिजे.

भुशाचा बोर्ड, म्हणजेच पार्टिकल बोर्ड किंवा चिपबोर्ड, हा लाकडाचा भुसा, छिलके, काही ठिकाणी उसाची चिपाडं राळेत मिसळून, उष्णता आणि दाब देऊन बनवतात. जर्मनीत मॅक्स हिमेलहेबर यांच्या प्रयत्नांतून तो पुढे आला आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. वाया जाणाऱ्या लाकडाचा इतका चांगला उपयोग दुसरा क्वचितच असेल. कपाटाच्या कप्प्याला, टेबलाच्या फळीला तो उत्तम. पण घरगुती वापराच्या साध्या बोर्डात बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडची राळ असते, आणि ही राळ ओलाव्यापुढे हळूहळू हार खाते. शिवाय बनताना दाबून बसवलेला प्रत्येक छिलका पाणी मिळताच पुन्हा फुगू पाहतो. पाट फुगला तर सुकल्यावर बराचसा मूळ मापावर येतो. बोर्ड फुगला की छिलक्यांमधली पकडच सुटते, आणि सुकल्यावरही तो जाडच राहतो. १८ मिलिमीटरचा बोर्ड नुसता १० टक्के फुगला, तरी कड १.८ मिलिमीटर वर येते. लादीचा सांधा तडकायला एवढं खूप झालं.

यासाठी पाणी सांडावं लागतं असंही नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड आपल्या सुक्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरून ठेवतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात कपाटातले कपडे दमट लागतात, मीठ पाझरतं, दरवाजे चौकटीत अडकतात. दरवाजा अडकवणारी हीच ओल माडीच्या जमिनीतही शिरते. व्हिट्रिफाइड लादीचं मात्र तसं नाही. ती अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, तिचं माप मेमध्ये आणि जुलैमध्ये तेच. खालचा थर हलतोय, वरचा हलायला तयार नाही, आणि दोघांना घट्ट चिकटवलंय. अशा जोडणीत काहीतरी सुटणारच. कधी लादी पोकळ वाजू लागते, कधी सांध्यातलं ग्राऊट भुगा होऊन निघतं, कधी शेजारशेजारच्या दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात.

दुसरं कारण वाकण्याचं. लाकडी जमीन चालताना थोडी लवते, आणि ते लाकडाला चालतं. लादी दाबाला भक्कम, पण वाकवायला गेलं की तुटते. म्हणून लादीखालच्या जमिनीसाठी अमेरिकेत एक साधा हिशेब वापरतात: भार आल्यावर जमीन आपल्या आधारांमधल्या अंतराच्या ३६०व्या हिश्शापेक्षा जास्त लवता कामा नये, आणि वर नैसर्गिक दगड असेल तर ७२०व्या. दहा फुटांच्या तुळईला हे साधारण साडेआठ मिलिमीटर आणि सव्वाचार मिलिमीटर होतं. शंभर वर्षांच्या, मधल्या भागात झोळ आलेल्या कडीपाटाला ही परीक्षा अवघड जाते. तुळयांमधल्या मोकळ्या जागेत बोर्ड वेगळा लवतो, तो भाग निराळाच.

आणि वजन. हा हिशेब घरमालक सहसा करत नाहीत, गवंडीही करत नाहीत, पण तो कागदावर मांडायलाच हवा. दहा बाय बाराची खोली धरा. गवंड्याच्या सवयीप्रमाणे दोन इंच माल टाकला, तर नुसत्या मालाचंच वजन अकराशे किलोच्या आसपास जातं. त्यावर नऊ मिलिमीटरच्या लादीचे आणखी दोनशे तीस किलो. म्हणजे माणसं, पलंग आणि कपाट यायच्या आधीच माडीवर तेराशे किलोहून अधिक भार कायमचा बसला. तीच लादी पाच मिलिमीटर चिकट मसाल्यावर बसवली, तर सगळं मिळून सव्वातीनशे किलोच्या आत राहतं. शिवाय ओला माल बोर्डावर पडतो तेव्हा त्यातलं पाणी पहिल्याच रात्री बोर्ड पिऊन टाकतो. इकडे बोर्ड फुगतो, तिकडे मालाला पाणी कमी पडून तो कच्चा राहतो.

इथे एखादे आजोबा विचारतील, मग जुन्या वाड्यांत वरच्या मजल्यावर फरशी नव्हती का? होती. कडीपाटावर माती आणि चुन्याचा जाड थर देऊन वर जमीन करण्याची पद्धत देशावरच्या वाड्यांत होती, आणि कोकणातही काही घरांत माळ्याच्या पाटांवर मातीचा थर देऊन तो सारवत. पण तिथल्या तुळया हा भार गृहीत धरून घातलेल्या, जाडजूड आणि जवळजवळ. चुना सिमेंटपेक्षा मऊ. लाकूड थोडं हललं तर तो ते सोसतो. मातीला भेग पडली तर पुढच्या सारवणात ती बुजते. त्या रचनेत प्रत्येक थर खालच्याशी जुळवून घेत होता. सिमेंट आणि व्हिट्रिफाइड लादी ही जोडी तशी नाही.

बोर्डाच्या बाबतीत एक गोंधळ दुकानातच निस्तरावा. सिमेंटमध्ये लाकडाचे छिलके बांधून केलेलाही एक बोर्ड मिळतो, त्याला बाजारात बऱ्याचदा बायसन पॅनेल या व्यापारी नावानेच ओळखतात. भारतीय मानकांत त्याचा क्रमांक आयएस १४२७६, तर राळेच्या साध्या पार्टिकल बोर्डाचा आयएस ३०८७. दोघांनाही लोक सरसकट ‘बोर्ड’ म्हणतात, पण सिमेंटचा बोर्ड करडा, जड आणि ओलाव्यात टिकणारा. राळेचा बोर्ड पिवळट, हलका, आणि कडेला नख लावलं की भुसा निघतो. केबिन विकत घेणाऱ्याने जमिनीखाली कोणता आहे, हे लेखी घ्यावं. युरोपात राळेच्या बोर्डातही पी-५ नावाची दमट जागेत भार घेणारी प्रत असते आणि ब्रिटनमधल्या अनेक नव्या घरांचे वरचे मजले त्याच बोर्डाचे असतात. तिथेही जाणकार लादी थेट त्यावर न बसवता मध्ये आणखी एक थर घालायला सांगतात.

तो मधला थर हाच या कामाचा जीव आहे. माडीवर लादी हवीच असेल तर आधी सुताराला बोलवावं, गवंड्याला नंतर. तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत का, वाळवी किंवा भुंगा लागला आहे का, हे तो टोकदार हत्याराने टोचून सांगेल. झोळ असेल तर मध्ये आडवी तुळई किंवा लोखंडी गर्डर द्यावा लागेल. भुशाचा बोर्ड उचलून टाकावा. तो ठेवून वर काही करण्यात काटकसर नाही. त्याच्या जागी फिनॉलच्या राळेची मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० ची, तुळयांना स्क्रूने आवळावी. खिळे नकोत, ते ढिले होतात आणि कुरकुरतात. स्क्रू सहा-सहा इंचांवर. प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये तीन मिलिमीटर फट, भिंतीकडेला आठ-दहा मिलिमीटर मोकळं, म्हणजे आषाढात फुगायला जागा राहते. कडेची ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. प्लायवर फायबर सिमेंटची पातळ शीट किंवा लादी आणि लाकूड यांना एकमेकांपासून सोडवणारा प्लास्टिकचा पडदा घालतात. असा पडदा जर्मनीच्या श्ल्यूटर कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला आणि लाकडी घरांच्या देशांत तो रुळला.

मसाल्याच्या बाबतीतही चोखंदळपणा लागतो. दुकानात ज्याला सरसकट ‘केमिकल’ म्हणतात, त्या लादीच्या मसाल्याचं भारतीय मानक आयएस १५४७७. पण लाकडी थरावर त्यातला लवचीक, पॉलिमर मिसळलेला प्रकार घ्यायचा. युरोपीय मोजणीत एस-१ लिहिलेला मसाला तुटण्याआधी अडीच ते पाच मिलिमीटर वाकतो, एस-२ त्याहून जास्त. लाद्यांमध्ये तीन मिलिमीटरचे स्पेसर ठेवावेत. सांधा दिसू नये म्हणून लाद्या एकमेकींना भिडवून बसवण्याचा आग्रह गिऱ्हाईक करतं, आणि माडीवर तोच आग्रह सगळ्यात महाग पडतो. भिंतीकडेच्या फटीत सिमेंट न भरता सिलिकॉन भरावा.

एवढा सगळा खर्च मांडल्यावर अनेक घरांत शहाणपणाचा निर्णय वेगळाच निघेल. पाट भक्कम असतील तर त्यांच्या फटी लाकडाच्या पट्ट्यांनी बुजवून, घासून, तेल किंवा पॉलिश देऊन तीच जमीन ठेवावी. फणसाच्या जुन्या पाटांचा तो पिवळसर तपकिरी रंग कोणत्याही लादीत छापून मिळत नाही. ते शक्य नसेल तर एकमेकांत अडकणाऱ्या एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या, पट्ट्या हलक्या असतात, चिकटवाव्या लागत नाहीत आणि खालचं लाकूड हललं तरी त्या तुटत नाहीत.

संडास-बाथरूम मात्र या सगळ्यातून वेगळं काढलं पाहिजे. घरात पाहुणे ठेवायचे म्हणून माडीवर मोरी काढण्याची चाल किनाऱ्यावर वाढते आहे. सांध्यातून थेंबथेंब पाझरणारं पाणी लाकडात वर्षानुवर्षं दिसत नाही, दिसतं तेव्हा तुळईचं टोक गेलेलं असतं. मुंबईतल्या जुन्या लाकडी चाळी ज्या कारणांनी खचल्या, त्यांत सामाईक मोऱ्या आणि संडासांची गळती हे मोठं कारण होतं. मोरी काढायचीच असेल तर तेवढ्या भागाखाली स्वतंत्र लोखंडी आधारावर काँक्रीटचा स्लॅब घालावा, किंवा ती तळमजल्यालाच ठेवावी.

ज्यांच्या माडीवर बोर्डावर लादी आधीच बसली आहे, त्यांनी मृग लागण्याआधी एकदा तपासणी करावी. नाण्याने प्रत्येक लादी वाजवून पाहावी आणि पोकळ वाजणाऱ्या लाद्यांवर खडूने खूण करावी. भेगा एका सरळ रेषेत, अनेक लाद्यांमधून जात असतील तर खाली दोन बोर्डांचा सांधा आहे. माजघरातून वर पाहावं; पाटांच्या फटींत काळपट डाग किंवा फुगलेली कड दिसली तर एक-दोन लाद्या बदलून उपयोग नाही. तिथली लादी आणि बोर्ड दोन्ही काढून दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, नव्याने काम घ्यावं. पावसाळा संपताच घाईने घेतलं, तर ओल्या लाकडावर बसवलेली लादी एप्रिलमध्ये लाकूड आकसल्यावर पुन्हा सुटेल.