बुडालेल्याचा दिवा

‘दिवाळे’ आणि ‘दिवाळी’ हे दोन शब्द कानाला इतके सख्खे का वाटतात, असा प्रश्न पडून मी एकदा ‘हॉब्सन-जॉब्सन’ उघडला. अँग्लो-इंडियन शब्दांचा हा १८८६ सालचा कोश. त्यात ‘दिवालिया’ शब्दाची नोंद आहे. व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचे सांगून कोशकारांनी त्याहून जुन्या एका ग्रंथातली माहिती दिली आहे. व्यापारी बुडाला की तो घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवी आणि काही काळ तिथून नाहीसा होई. हिशेब उघड होऊन किंवा असेल ती मालमत्ता वाटली जाऊन धनकोंचे समाधान होईपर्यंत.

व्युत्पत्ती खरी असो वा नसो, मी अडलो तो ‘काही काळ’ या शब्दांपाशी. म्हणजे बुडालेल्याला परतीची वाट होती. अमेरिकन माणूस उधळा, जर्मन काटकसरी, आपण अंथरूण पाहून पाय पसरणारे, असे आपण सहज बोलून जातो. देशोदेशींच्या कर्जांविषयी गेली काही वर्षे जमेल तसे वाचल्यावर मला वाटू लागले आहे, की यात स्वभावाचा भाग थोडा. फेडता आले नाही तर पुढे काय होते, यावर माणसे कर्जाला किती भितात हे बरेचसे ठरते.

आमची भाची अमेरिकेत नोकरीला गेली तेव्हा तिच्या नावावर एक पैशाचे कर्ज नव्हते. घरात त्याचे कोण कौतुक! तिथे भाड्याने घर घेताना नेमके तेच आडवे आले. कर्ज घेऊन वेळेवर फेडल्याची नोंदच नाही, तर भरवसा कशावर ठेवायचा? १९८९पासून तिथे ‘फायको’ नावाचा तीन आकडी गुणांक रूढ झाला आहे. (आता आपल्याकडेही बँकेत गेले की आधी ‘सिबिल’ विचारतात.) पण त्या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे. १८९८च्या कायद्याने तिथल्या प्रामाणिक कर्जदाराला धनकोंच्या संमतीवाचून कर्जमुक्त होण्याची सोय दिली. २००५ साली ही वाट अरुंद केली गेली आणि शिक्षणासाठी काढलेली कर्जे तर तिच्यातून सहसा सुटत नाहीत. तरी वाट आहे.

जर्मन भाषेत ‘शुल्ट’ म्हणजे अपराध आणि त्याचेच अनेकवचन ‘शुल्डन’ म्हणजे कर्ज. यावरून जर्मनांच्या काटकसरीची उपपत्ती लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. मला ती फार सोपी वाटते. सामान्य माणसाला उरलेल्या कर्जातून मोकळे करणारा कायदा तिथे १९९९ साली लागू झाला, ही गोष्ट मला शब्दार्थाहून बोलकी वाटते. सुरुवातीला सुटकेला सात वर्षे लागत, आता तीन.

संपत्तीच्या कल्पनेचेही असेच आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सगळी कुटुंबे संपत्तीच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर मधोमध येणाऱ्या जर्मन कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे ५१ हजार युरो निघाली. इटलीत ती १ लाख ७३ हजार आणि स्पेनमध्ये १ लाख ८२ हजार. ज्यांना आपण सावरायचे तेच आपल्याहून श्रीमंत, म्हणून जर्मनीत बराच गदारोळ झाला. उलगडा बराचसा घरात होता. जर्मनीत स्वतःचे घर असलेली कुटुंबे ४४ टक्केच. भाडेकरूला तिथे कायद्याचे चांगले संरक्षण आहे आणि म्हातारपणी सरकारी निवृत्तिवेतन. पण त्या हक्काची किंमत पाहणीत धरलीच नव्हती. स्पेनमध्ये संपत्ती म्हणजे घर. २००८नंतर हप्ते थकले, घरे लिलावात गेली, आणि घर जाऊनही उरलेले कर्ज माणसामागे तसेच राहिले.

जपानीत कर्जापायी रातोरात बिऱ्हाड हलवून परागंदा होण्याला स्वतंत्र शब्दच आहे. हे वाचले तेव्हा मला आमचे मामा आठवले. तालुक्याच्या गावी त्यांचे कापडदुकान होते. १९८३ साली ते बुडाले. मामा एका रात्री गेले, ते आजीच्या दिवसांनाही आले नाहीत.

आपल्या मुलखात परतीची वाट नव्हतीच असे नाही. दामदुप्पट हा जुना दंडक : थकलेले व्याज मुदलाहून जास्त वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंपुरता मानला. मग तो निकामी कसा झाला? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू असा, की व्याज साचू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि मुद्दल अधिक थकलेले व्याज हे त्या रोख्यात नवे मुद्दल झाले. कागदावर दामदुप्पट शाबूत आणि कुणबी मात्र गळ्यापर्यंत बुडालेला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज, असेही उदाहरण दंग्यांच्या चौकशीत नोंदले गेले.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः या कागदांसाठी. खाती आणि रोखे मागून घेतले, जाळले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यामागचा मूळ हिशेब उकरून पाहण्याची मुभा न्यायालयाला मिळाली आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

आज? कर्जमाफी होते, पण ती सरकारच्या मर्जीने. मागता येईल असा तो हक्क नव्हे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग, कंपन्यांच्या कर्जाला हमी दिलेल्यांपुरता सोडला, तर हे लिहीपर्यंत लागू झालेला नाही. मुंबईत १९०९चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२०चा कायदाच चालतो. या दुसऱ्या कायद्यात पाचशे रुपये कर्ज असले तरी माणूस स्वतः अर्ज करू शकतो. मामांना तो करता आला असता. त्या गावात चाळीस वर्षे वकिली केलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले. असा एकही अर्ज त्यांना आठवेना.

मामा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही मिळाली. चौदा नावे, पुढे रकमा. अकरा नावांवर काट. मनिऑर्डरीच्या पावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. उरलेल्या तिघांपैकी एका व्यापाऱ्याच्या मुलाला मी जाऊन भेटलो. त्याने माळ्यावरून जुनी खतावणी काढून दाखवली. त्याच्या वडिलांनी १९८६ सालीच ती रक्कम बुडीत खाती टाकली होती. मामांना हे कोणी कळवले नव्हते.