आडनावावरून गाव ओळखू नये

मराठवाड्यात एसटीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली, की तिकीट काढून होईस्तोवर आडनाव विचारलं जातं. त्यावरून गाव, जात, जमल्यास सोयरीकही काढली जाते. यातले बरेच अंदाज चुकतात.

गैरसमज : 'कर' लागलं म्हणजे माणूस त्याच गावात राहणारा.
वस्तुस्थिती : बहुतेकदा गाव सुटल्यावरच 'कर' चिकटतं. कुरुंद्यात कुणाला कुरुंदकर म्हणून उपयोग काय? तिथं सगळेच कुरुंद्याचे! विचारवंत नरहर कुरुंदकर यांच्या आडनावातलं कुरुंदा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांचं नाव झालं ते नांदेडात, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून. कधी गाव दुसऱ्या आडनावाच्या शेपटीला येतं. लातूर जिल्ह्यात पाटील उदंड. त्यातले कुठले हे शिवाजीराव पाटील निलंगेकर किंवा शिवराज पाटील चाकूरकर म्हटलं की लगेच कळतं.

गैरसमज : देशमुख, पाटील या जाती आहेत.
वस्तुस्थिती : हे हुद्दे. गावच्या वसुलीला पाटील, दप्तराला कुलकर्णी. परगण्याला देशमुख आणि त्याच्या हिशेबाला देशपांडे. वतन ज्या घरात, आडनाव त्या घराचं. म्हणून देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. लातूरकडं लिंगायत पाटील गावोगाव भेटतात. महसुली पाटलाचं पद राज्यात 1962 च्या कायद्यानं गेलं. आडनाव मात्र कुणी काढून घेतलं नाही.

गैरसमज : कोत्तावारातला 'वार' कापड मोजायचा आणि हिरेमठ म्हणजे हिऱ्यांचा मठ.
वस्तुस्थिती : दोन्हीकडं शेजारच्या भाषा बोलतात. तेलुगूत 'वारु' म्हणजे मंडळी, घराणं. 'कोत्त' म्हणजे नवं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांवर असे 'वार' ओळीनं दिसतात. कन्नडमध्ये 'हिरे' म्हणजे थोरला, म्हणून हिरेमठ हा थोरला मठ. नवल नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते.

गैरसमज : गावावरून, धंद्यावरून आडनावं ही आपलीच रीत.
वस्तुस्थिती : फ्रान्समधला 'द्युपाँ' पुलापाशी राहणारा, 'लफेव्र' लोहार. तिथं 1539 च्या राजाज्ञेनं चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद ठेवणं बंधनकारक झालं आणि बदलती आडनावं हळूहळू कागदावर स्थिरावली.

आपल्याकडं हे काम शाळेच्या दाखल्यानं आणि सातबाऱ्यानं केलं. गुरुजींनी थोरल्याला 'पाटील' लिहिलं, धाकट्याला 'मुखेडकर', की पुढं वारसाच्या नोंदीवेळी दोघं सख्खे भाऊ असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला तहसिलीत जावं लागतं.