कम्युनिटी पोस्टिंग: उपचारशिक्षणाचा रुग्णालयाबाहेरचा भाग

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा व श्रवण उपचार अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना लोक जिथे राहतात आणि राबतात तिथे जाऊन काम शिकावे लागते. महाविद्यालयांत याला ‘कम्युनिटी पोस्टिंग’ म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, विशेष शाळा, वृद्धाश्रम, कारखाना आणि रुग्णाचे घर ही तिची नेहमीची ठिकाणे. विद्यार्थ्याच्या हाताशी तिथे यंत्रे थोडी असतात आणि प्रश्न मात्र रुग्णालयापेक्षा गुंतागुंतीचे असतात. म्हणूनच या पोस्टिंगमध्ये ठिकाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व शिक्षकाच्या देखरेखीला आहे.

भारतात या शाखांचे शिक्षण रुग्णालयाच्या आवारातच रुजले. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, पुढे १९५८ मध्ये नागपुरात. गावात जाऊन आरोग्याचे काम शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने वाढली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेत आली आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा पुरस्कार केला. संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत या पुनर्वसनाचे पाच भाग आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सबलीकरण. पाचांपैकी एकच भाग दवाखान्याचा आहे. बाकीचे चार शिकायचे तर दवाखान्याबाहेर पडावेच लागते.

घरी गेल्यावर तपासणीचे स्वरूपच बदलते. वृद्ध व्यक्ती पडण्याचा धोका पाहण्याची एक सर्वपरिचित चाचणी अशी आहे: खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका आहे असे मानतात. पण ज्या घरात जेवण, झोप आणि पूजा जमिनीवरच होते, तिथे जमिनीवरून उठता येते का हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला विभागातल्या गुळगुळीत फरशीवर चालता आले, तरी घराचा उंबरा, अंगणातला उतार आणि भारतीय बैठकीचा संडास ही त्याची खरी परीक्षा असते. गुडघे झिजलेल्या शेतकरी बाईला ‘खाली बसू नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण तिची खुरपणी खाली बसूनच होते. कामाचे तुकडे कसे पाडायचे, बसायला बुटका पाट वापरता येईल का, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिवसात केव्हा बसवायचे, हे तिच्यासोबत ठरवावे लागते.

मुलांच्या कामात अंगणवाडी हा मोठा आधार आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब शोधले जातात. मान उशिरा धरणारे किंवा हाकेला वळून न बघणारे मूल अंगणवाडी सेविकेच्या नजरेत आधी येते. विद्यार्थ्याने तिच्याकडून मुलाची माहिती घ्यावी आणि बाळाला कडेवर कसे घ्यावे, भरवताना कसे बसवावे हे आईला दाखवावे, अशी ही देवाणघेवाण असते.

देखरेखीच्या चार पायऱ्या असतात. आधी विद्यार्थी शिक्षकाचे काम पाहतो, मग त्यांच्यासोबत करतो, नंतर त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतः करतो आणि शेवटी एकट्याने करून त्याच दिवशी अहवाल देतो. पायरी केव्हा बदलायची हे विद्यार्थ्याच्या तयारीवरून ठरावे. मनुष्यबळ कमी आहे म्हणून त्याला थेट चौथ्या पायरीवर ढकलणे रुग्णावरही अन्याय आणि विद्यार्थ्यावरही.

प्रत्येक केंद्रावर त्या शाखेचा शिक्षक रोज हजर राहू शकत नाही. अशा वेळी देखरेख दोघांत वाटली जाते. वैद्यकीय अधिकारी, विशेष शिक्षक किंवा आशाताई रोजचे वेळापत्रक आणि सुरक्षितता पाहतात, तर महाविद्यालयातील शिक्षक ठरलेल्या दिवशी येऊन उपचाराचा विचार तपासतात. मधल्या काळात फोनवर सल्ला मिळतो. कोणता निर्णय कोणाचा, हे आधी लिहून ठेवले तरच ही रचना चालते. विद्यार्थी औषधात बदल करत नाही. छातीत दुखणे, अचानक आलेला अशक्तपणा, पायावरची चिघळलेली जखम दिसली की तो व्यायाम थांबवतो आणि रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवतो. घरभेटीला दोघांनी मिळून जावे, संमती शक्यतो रुग्णाकडूनच घ्यावी, परवानगीविना फोटो काढू नये, हे नियम पहिल्याच दिवशी सांगायचे असतात.

दिवसाअखेरची चर्चा हा देखरेखीचा गाभा. काय केले याची यादी लॉगबुकात असतेच. शिक्षकाने विचारायचे ते असे: हाच व्यायाम का निवडला? रुग्णाला स्वतःला काय हवे होते? घरात तो करून घेणारे कोण आहे? या प्रश्नांची उत्तरे देताना विद्यार्थ्याची विचार करण्याची पद्धत घडते. जोडीने काम करणारे विद्यार्थी एकमेकांचे निरीक्षण तपासू शकतात, मात्र ते शिक्षकाची जागा घेत नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाने प्रात्यक्षिक कामाचे किमान १,००० तास सांगितले आहेत. भारतातही २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने या शाखांच्या शिक्षणाला देशपातळीवर एक चौकट दिली. तास भरले की नाही हे कागदावर मोजता येते. त्या तासांत शिक्षक किती वेळ सोबत होता, हेही तितक्याच काटेकोरपणे नोंदवायला हवे.

या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव सातत्याची. तुकडी बदलते, नवा विद्यार्थी येतो आणि रुग्णाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. त्यावर उपाय आहेत. केंद्रावर प्रत्येक रुग्णाची एकच नोंदवही ठेवावी, जाणाऱ्या विद्यार्थ्याने येणाऱ्याला सोबत नेऊन घर दाखवावे आणि महाविद्यालयाने त्याच गावांशी वर्षानुवर्षे नाते टिकवावे. पोस्टिंगच्या मूल्यमापनात विद्यार्थ्याच्या गुणांसोबत एक गोष्ट पाहावी: तो गेल्यावर रुग्णाचे उठणे-बसणे सोपे झाले का आणि घरच्यांना पुढचा व्यायाम त्याच्याविना करवून घेता येतो का. शिक्षण आणि सेवा दोन्ही साधल्या की नाहीत, ते यावरून कळते.