आज्ञा कोणाची चालावी?

संगणकासाठी लिहिलेला कोणताही प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातून सुटून वापरणाऱ्याच्या हाती पडतो, तेव्हा काही प्रश्न त्याने मुद्दामच मोकळे ठेवलेले असतात : कोणती फाइल वाचावयाची, उत्तर कोठे लिहावयाचे, चूक आढळल्यास थांबावयाचे की तशीच वाट पुढे चालावयाची. या प्रश्नांची उत्तरे मूळ मजकुरातच कायमची कोरून ठेवली, तर प्रत्येक नव्या जागी तो मजकूर नव्याने लिहिण्याचा प्रसंग येईल. म्हणून ती वापरणाऱ्याकडून मागून घेण्याची दोन साधने रूढ झाली. प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे टंकलेले कमांड लाइन ऑप्शन हे पहिले, आणि अगोदर लिहून ठेवलेली कॉन्फिगरेशन फाइल हे दुसरे. पहिल्याचा अंमल त्या एका खेपेपुरता, दुसऱ्याचा पुढील हुकूम होईपर्यंत. ही दोन्ही एकत्र आली म्हणजे त्यांच्यात तंटा संभवतो, आणि तो तंटा कोणी व कोठे मिटवावयाचा, यावर पुष्कळ प्रोग्रामांचे आरोग्य अवलंबून असते, असे माझे मत आहे.

या साधनांचा इतिहास युनिक्स प्रणालीच्या इतिहासाशी निगडित आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जिचा पाया घातला, त्या प्रणालीसाठी पुढे सी ही भाषा घडविण्यात आली. आणि त्या भाषेत प्रोग्रामच्या मेन नावाच्या आद्य फंक्शनला बाहेरून दोनच गोष्टी मिळत, टंकलेल्या शब्दांची संख्या आणि त्या शब्दांची यादी. त्यांतला पर्याय कोणता, त्या पर्यायाचे मूल्य कोणते आणि प्रत्यक्ष कामाचा विषय कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी स्थिती असल्यामुळे दोन प्रोग्रामांचे संकेत एकमेकांशी जुळतीलच अशी खात्री नसे. ही विसंगती आवरण्यासाठी गेटऑप्ट हे फंक्शन पुढे आले, आणि १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटी अँड टी या कंपनीने ते सर्वांना खुले केले. एक आडवी रेघ आणि तिला जोडून एकच अक्षर हा त्याचा जाबता. पुढे ग्नू प्रकल्पाने दोन रेघा आणि संपूर्ण शब्द अशी वाचनसुलभ पद्धत रूढ केली. नुसत्या दोन रेघा आल्या की पर्याय संपले असे मानावे, हा संकेतही सर्वमान्य झाला, त्यामुळे जिचे नावच रेघेने सुरू होते अशी फाइलसुद्धा निर्धास्तपणे प्रोग्रामच्या स्वाधीन करता येते. कॉन्फिगरेशन फाइलींचा संसार मात्र काहीसा अपघातानेच थाटला गेला. फाइलींची यादी दाखविणाऱ्या एलएस या आज्ञेतून एक टिंब व दोन टिंबे अशा नावांच्या दोन विशेष नोंदी वगळण्यासाठी, नावाचे पहिले अक्षर टिंब आहे काय एवढेच तपासण्याची आडवाट कोणी तरी धरली आणि टिंबाने आरंभ होणारी प्रत्येक फाइल त्यामुळे यादीतून अदृश्य झाली, अशी हकीकत बेल प्रयोगशाळेतील रॉब पाइक यांनी नमूद केली आहे. त्या आयत्या आडोशाला असंख्य प्रोग्रामांनी आपापली दफ्तरे नेऊन ठेवली.

ही मूल्ये प्रोग्रामच्या आत ज्यांना वापरावयाची असतात, त्या ऑब्जेक्टची कल्पना मात्र निराळ्या भूमीतली. १९६०च्या दशकात ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी सिम्युला ही भाषा रचली, आणि माहिती व त्या माहितीवर चालणाऱ्या क्रिया एकाच कुंपणात नांदवाव्यात, बाहेरच्याने आत हात घालू नये, हा विचार तिच्यातून पुढे आला. कुंपणाच्या आत संख्या ही संख्या असते, तारीख ही तारीख असते. उलट कमांड लाइनवरून अथवा साध्या फाइलीतून जे येते ते केवळ अक्षरांची माळ असते. या कच्च्या अक्षरांचे पक्क्या मूल्यांत रूपांतर कोठे व्हावे, हा ऑब्जेक्टवर आधारलेल्या रचनेपुढचा पहिला प्रश्न होय. सरकारी कचेरीत येणारा प्रत्येक कागद बारनिशीत नोंदला जाऊन, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख पडून, मगच संबंधित टेबलाकडे जातो. टेबलावरचा प्रत्येक कारकून स्वतः फाटकाशी जाऊन टपाल उघडू लागला, तर कोणता कागद कधी आला आणि कोणी दाबला याचा थांग लागणार नाही. प्रोग्रामातही टपाल पाठविणारा ऑब्जेक्ट स्वतःच फाइल उघडून सर्व्हरचे नाव शोधतो, अहवाल छापणारा स्वतःच कमांड लाइन चाळतो, असे होऊ लागले की तोच बेबंद कारभार सुरू होतो.

यावर पुष्कळांनी योजलेला उपाय म्हणजे सर्व मूल्ये एका सार्वत्रिक ऑब्जेक्टमध्ये ठेवून ज्याला हवे त्याने तेथून ती उचलावीत अशी मुभा देणे. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी रचनापद्धतींवर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथातील सिंगलटन या पद्धतीचा आधार त्याला देण्यात येतो. मला हा उपाय अपुराच नव्हे, तर घातक वाटतो. कारण कोणत्या ऑब्जेक्टची भिस्त कशावर आहे हे त्यामुळे बाहेरून दिसेनासे होते, आणि एक लहानसा भाग तपासून पाहावयाचा तरी सगळा डोलारा उभा करावा लागतो. ज्याला जे लागते ते त्याच्या जन्माच्या वेळीच, त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून, त्याच्या हाती द्यावे हा मार्ग अधिक सरळ आहे. २००४ साली मार्टिन फाउलर यांनी एका विस्तृत लेखात डिपेंडन्सी इंजेक्शन या नावाने त्याची चर्चा केली, तेव्हापासून तो सर्वांच्या परिचयाचा झाला. टपाल पाठविणाऱ्याला सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा क्रमांक एवढेच मिळावे. ती मूल्ये फाइलीतून आली की कोणी टंकली, याच्याशी त्याला कर्तव्य नसावे.

आता तंट्याकडे वळू. एकाच प्रश्नाला निरनिराळ्या ठिकाणांहून निरनिराळी उत्तरे आली तर चालावे कोणाचे? बहुतेक ठिकाणी मान्य झालेली उतरंड अशी, की प्रोग्रामकर्त्याने गृहीत धरलेले मूल्य सर्वांत खाली, त्यावर संपूर्ण यंत्राची फाइल, त्यावर त्या व्यक्तीची फाइल, त्यावर १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्समध्ये आलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि सर्वांच्या शिरोभागी प्रत्यक्ष टंकलेला पर्याय. जो हुकूम कामाच्या क्षणाला आणि काम करणाऱ्याला अधिक जवळचा, त्याचा अधिकार मोठा, हे त्यातील तत्त्व. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या गिटमध्ये ते स्वच्छ दिसते : यंत्राची, व्यक्तीची आणि त्या एका प्रकल्पाची अशा तीन फाइली क्रमाने वाचल्या जातात, नंतर वाचलेली फाइल आधीच्या फाइलीवर मात करते, आणि सी हे अक्षर पर्याय म्हणून देऊन एका आज्ञेपुरते कोणतेही मूल्य बदलता येते.

ही उतरंड कागदावर सोपी वाटते, परंतु तिची अंमलबजावणी करताना एका सूक्ष्म ठिकाणी पाय घसरतो. पायथॉन भाषेत २०१०पासून आर्गपार्स हे साहित्य मिळते आणि ते मोठे कुशलतेने रचलेले आहे. त्यातील पार्सर हा स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो. प्रत्येक पर्यायाचे नाव, प्रकार, गृहीत मूल्य आणि वर्णन त्याला एकदा कळविले की तोच शब्द तपासतो, तोच त्यांचे रूपांतर करतो आणि मदतीचा मजकूरही त्याच नोंदींवरून तयार करतो. समजा, अहवाल छापणाऱ्या प्रोग्रामात पानावर ४० ओळी असाव्यात असे गृहीत मूल्य पार्सरला सांगितले आहे, आणि वापरणाऱ्याने आपल्या फाइलीत ६० लिहून ठेवले आहे. तो प्रोग्राम चालवितो. कमांड लाइनवर ओळींविषयी एक अक्षरही टंकत नाही. पार्सर मात्र रिकामी जागा पाहून तेथे आपल्या पदरचे ४० घालतो, आणि कमांड लाइन श्रेष्ठ या नियमाने ते ४० फाइलीतील ६०ला हुसकावून लावतात. वापरणारा गप्प होता, त्याच्या मौनालाच हुकूम मानले गेले. म्हणून पार्सरने फक्त प्रत्यक्ष उच्चारलेलेच सांगावे, न उच्चारलेल्याविषयी काहीही बोलू नये, अशी तजवीज आवश्यक ठरते. आर्गपार्समध्ये सप्रेस हे मूल्य त्याचसाठी आहे, आणि त्याच भाषेतील चेनमॅप हा प्रकार थरांवर थर रचून वरून खाली शोध घेतो, त्यात गृहीत मूल्यांचा थर तळाशी, त्याच्या योग्य जागी बसतो.

मौनाप्रमाणे नकारालाही वाचा असावी लागते. फाइलीत एखादी सोय चालू केलेली असेल, तर एका खेपेपुरती ती बंद करण्याचा शब्द कमांड लाइनवर असलाच पाहिजे. ‘नो’ हा उपसर्ग लावून असा उलटा पर्याय आपोआप निर्माण करण्याची सोय आर्गपार्समध्ये २०२० साली आली. पर्यायाचा प्रकार सत्यासत्य आहे असे भाबडेपणाने सांगितले, तर पायथॉन ‘फॉल्स’ या टंकलेल्या शब्दालाही सत्यच मानतो, कारण रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाळ त्याच्या लेखी सत्य असते. फाइलींच्या लिपींचेही असेच आहे. जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, त्यामुळे हे मूल्य का निवडले याचा दाखला मागे राहत नाही. आणि यॅमलच्या १.१ या आवृत्तीत नॉर्वे देशाचे एन-ओ हे संक्षिप्त रूप अवतरणचिन्हांवाचून लिहिले तर ते नकारार्थी मूल्य म्हणून वाचले जाते, असे की देशांच्या यादीतून एक देशच नाहीसा व्हावा. २०१३ साली निघालेली टॉमल ही लिपी अशा संदिग्धतेला थारा देत नाही, आणि नव्या कामासाठी मी तिचीच शिफारस करीन.

एकत्र केलेले मूल्य कोठून आले, याची नोंद मूल्याबरोबरच ठेवावी. गिटमध्ये शो-ओरिजिन हा पर्याय दिला असता प्रत्येक मूल्यापुढे त्याची मूळ फाइल छापून येते. फाइलीतील अनोळखी नाव मुकाट्याने दुर्लक्षिणे मला साफ अमान्य आहे, कारण तेथे बहुधा शुद्धलेखनाची चूक असते, आणि वापरणारा आपला हुकूम पोहोचला या समजुतीत राहतो. सर्व चुका गोळा करून, कामाला आरंभ होण्यापूर्वीच, फाइल आणि ओळ यांच्या उल्लेखासह त्या सांगितल्या पाहिजेत. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला टी हा पर्याय दिला, तर तो काम सुरू न करता केवळ फाइल तपासून अभिप्राय देतो. प्रत्येक दीर्घजीवी प्रोग्रामात अशी सोय असावी.

निवृत्त झालेल्या नावाला नवा अर्थ देण्याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दिसले. नाइट कॅपिटल या पेढीने आपल्या व्यवहारप्रणालीत पूर्वी एका जुन्या कार्यासाठी असलेला फ्लॅग नव्या कार्यासाठी योजला; आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा प्रोग्राम पोहोचलाच नाही, आणि त्या सर्व्हरने फ्लॅगचा जुनाच अर्थ लावून सौदे पाठविण्याचा सपाटा लावला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाल्याची नोंद अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाच्या निर्णयात आहे. पर्यायाचे नाव रद्द झाले, तर ते उच्चारणाऱ्याला स्पष्ट नकार मिळावा. त्याच नावाने दुसरे काही घडता कामा नये.

पासवर्ड मात्र कमांड लाइनवर कधीच स्वीकारू नये, कारण युनिक्सवर पीएस ही आज्ञा सर्वसाधारणतः त्या यंत्रावरील इतरांनाही चालू प्रोग्रामांचे टंकलेले शब्द दाखविते. मालकाखेरीज कोणाला वाचता येणार नाही अशा फाइलीत तो ठेवावा. आणि जो प्रोग्राम महिनोन्महिने अखंड चालतो, त्याला हँगअप हा सिग्नल पाठवून फाइल पुन्हा वाचावयास सांगण्याचा जो जुना प्रघात आहे, तो पाळताना जुन्या सेटिंग्जच्या ऑब्जेक्टमध्ये एकेक मूल्य बदलत बसू नये. अर्धी मूल्ये जुनी आणि अर्धी नवी अशा अवस्थेत दुसरा एखादा ऑब्जेक्ट त्यांचा वापर करून बसतो. नवी फाइल संपूर्ण वाचून, तपासून, तिच्यावरून एक नवा अपरिवर्तनीय ऑब्जेक्ट घडवावा. त्यात दोष निघाला तर जुनाच चालू ठेवून तक्रार नोंदवावी, आणि दोष नसेल तर एकाच क्षणी जुन्याच्या जागी नवा बसवावा.