त्यांच्याविषयी, त्यांच्याविना

दरवर्षी २ एप्रिल हा दिवस जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला. त्या दिवशी देशोदेशीच्या मोठ्या इमारतींवर निळे दिवे लागतात, तज्ज्ञांची भाषणे होतात, पालकांच्या कष्टांचे कौतुक होते. ज्यांच्या नावाने हा सारा समारंभ, ती मंडळी मात्र बहुधा श्रोत्यांत असतात. फार तर एखादे गीत म्हणण्यापुरती व्यासपीठावर येतात. जागृती पुष्कळ झाली, आता स्वीकार हवा, असे म्हणणारा एक वर्ग त्यांच्यातूनच गेल्या तीन दशकांत उभा राहिला आहे. आमच्याविषयीची धोरणे जेथे ठरतात तेथे आम्हांला बसू द्या, एवढीच त्याची मागणी आहे. ती वरकरणी इतकी साधी असूनही तिला झालेला विरोध साधा नाही, आणि तो केवळ दुष्टाव्यातून आलेला आहे असेही नाही.

‘स्वमग्न’ हा शब्द आपण मराठीत रूढ केला. मूळ ग्रीक धातूतही ‘स्व’च आहे, तेव्हा भाषांतरकाराला दोष देता येणार नाही. परंतु ज्यांना तो लावला जातो त्यांतील अनेकांनी लिहून ठेवले आहे ते नेमके याच्या उलट. ट्यूबलाइटची फडफड, पंख्याची घरघर, बाजारातला गलका हे सारे त्यांच्या अंगावर इतक्या जोराने येते की त्यापासून कान झाकून घेणे एवढेच हाती उरते. आपल्यातच मग्न असल्याचा निष्कर्ष पाहणाऱ्याचा आहे. पाहणाऱ्याने काढलेल्या निष्कर्षावर किती भिस्त ठेवावी, हाच या वादाचा गाभा होय.

या विषयाचा इतिहासच मुळी दुसऱ्यांनी बोलण्याचा आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढील वीसेक वर्षे तज्ज्ञांच्या मोठ्या वर्गाने दोष आईच्या माथी मारला. आई थंड आहे, तिने माया दिली नाही, म्हणून मूल असे झाले, हे मत ब्रूनो बेटेलहाइमसारख्यांनी १९६७ पर्यंत ग्रंथरूपाने मांडले. ते मोडून काढण्याच्या कामी पुढे आला तो एक बाप. बर्नार्ड रिमलंड स्वतः मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याचा मुलगा स्वमग्न होता. त्याने १९६४ मध्ये पुस्तक लिहून या स्थितीचे मूळ शारीरिक असल्याचे प्रतिपादिले आणि पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. आम्ही चोवीस तास मुलांबरोबर असतो, आम्हांला विचारल्याखेरीज निर्णय घेऊ नका, असे त्या पालकांनी तज्ज्ञांना ठणकावले. ते ऐकले गेले आणि पालकांना खुर्ची मिळाली.

१९९३ साली टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने जे मांडले ते त्याच तर्काचे पुढचे पाऊल होते. आमच्यासाठी शोक करू नका, हे त्या निवेदनाचे सूत्र. चोवीस तास मुलांबरोबर असणाऱ्यांना विचारायचे, तर चोवीस तास स्वतःच त्या देहात असणाऱ्यांना का विचारू नये, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. पण या खेपेस अडवणारे केवळ तज्ज्ञ नव्हते. पालकांतीलही काहीजण होते.

त्याचा कस लागला तो अमेरिकेत. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी डिसेंबर २००९ मध्ये आरी नेमन या बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव राष्ट्रीय अपंगत्व परिषदेसाठी सुचविले. नेमन स्वतः स्वमग्न, आणि २००६ मध्ये स्थापन झालेल्या स्वमग्न व्यक्तींच्याच एका संघटनेचा सहसंस्थापक. बरोबरच्या इतर नावांना सेनेटची संमती मिळाली; याचे नाव मात्र कोणा एका सदस्याने आपली ओळख गुप्त ठेवून रोखून धरले. अखेर जून २०१० मध्ये संमती मिळाली. बाहेर जो आक्षेप गाजला तो असा: हा तरुण वादविवाद करतो, लेख लिहितो, अधिकाऱ्यांना भेटतो, ज्या मुलाला पंचविसाव्या वर्षीही बोलता येत नाही, जो रात्र रात्र झोपत नाही, स्वतःचे डोके भिंतीवर आपटतो, त्याचा हा प्रतिनिधी कसा?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पश्चात याचे कोण करील, या एका विचाराने ज्या आईची झोप उडालेली आहे, तिला ‘वेगळेपणाचा स्वीकार’ हे शब्द पोकळ वाटले तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणाला नाही. अपस्मारासारखे विकार या व्यक्तींत अधिक आढळतात, आणि त्यांवर उपचार नकोत असे कोणी शहाणा म्हणत नाही. स्वमग्नतेची व्याप्ती आज इतकी विस्तारली आहे की तिच्या दोन टोकांवरील माणसांना एका नावाने हाक मारावी काय, याविषयी तज्ज्ञांतही मतभेद आहेत. परंतु या आक्षेपातून निष्पन्न होणारे काय? जो बोलू शकत नाही त्याला बोलता येत नाही म्हणून खुर्ची नाही, आणि जो बोलू शकतो त्याला बोलता येते म्हणून नाही. खुर्ची रिकामी तर राहत नाहीच. तिच्यावर तिसराच कोणी बसतो.

आणि न बोलणाऱ्यांच्या बाजूने प्रत्यक्षात कोण उभे राहिले? मॅसॅच्युसेट्स राज्यातील कँटन गावी जज रोटेनबर्ग सेंटर नावाची निवासी संस्था आहे. तेथे स्वमग्न व मतिमंद व्यक्तींच्या अंगावर यंत्रे बांधून वर्तन सुधारण्यासाठी विजेचे झटके दिले जात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या यंत्रांवर बंदी घातली. तिच्याविरुद्ध संस्था न्यायालयात गेली आणि तेथील रहिवाशांचे काही पालकही तिच्या बाजूने वादी झाले. जुलै २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ही बंदी प्रशासनाच्या अधिकाराबाहेरची ठरविली. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून तो अधिकार दिला आणि मार्च २०२४ मध्ये प्रशासनाने पुन्हा बंदी प्रस्तावित केली. या सबंध काळात ते झटके थांबवा म्हणून वर्षानुवर्षे निवेदने देणाऱ्यांत व निदर्शने करणाऱ्यांत बोलू शकणारे, लिहू शकणारे, ‘फार हुशार’ म्हणून हिणवले गेलेले हेच स्वमग्न कार्यकर्ते आघाडीवर होते. ज्यांच्या अंगाला ती यंत्रे बांधलेली होती त्यांच्याशी यांचे नाते रक्ताचे नव्हते. आईबापांच्या मायेत खोट होती असे आम्ही म्हणत नाही. तेही हताश झालेले होते. पण मायेलाही जे दिसले नाही ते या परक्यांना दिसले.

गोव्याच्या वाचकाला या प्रकरणातला युक्तिवाद अपरिचित वाटू नये. येथील रयत सुखी आहे, मूठभर शिकलेले तेवढे ओरडतात आणि ते तिचे प्रतिनिधी नव्हेत, हे लिस्बनचे पालुपद येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले. लग्नपत्रिकासुद्धा जेथे सेन्सॉरच्या नजरेखालून जात, तेथे १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहिया उभे राहिले ते आधी बोलण्याच्या हक्कासाठी.

आता आपल्याकडे पाहू. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्थान दिले आणि न्यासाच्या मंडळावर स्वयंसेवी संस्था, पालकांच्या संघटना आणि स्वतः अपंगांच्या संघटना यांना प्रत्येकी तीन जागा दिल्या. २०१६च्या कायद्याने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली. राज्य सल्लागार मंडळावर संस्थांचे व संघटनांचे दहा प्रतिनिधी नेमावेत आणि ते शक्य असेल तेथवर स्वतः दिव्यांग असावेत, असे त्यात म्हटले आहे. ‘शक्य असेल तेथवर’! सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी खेटे घातले आहेत त्याला या तीन शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. दहांपैकी किमान पाच स्त्रिया हव्यात हे बंधनकारक. दिव्यांग असणे तेवढे शक्यतेवर. शिवाय एकवीस प्रकारांतील कोणत्याही एकासाठी जागा राखलेली नाही, त्यामुळे ज्याला सभेत तोंड उघडणे सर्वांत जड, तो रांगेत सर्वांत मागे राहतो. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ करणे मात्र आपल्याला चटकन शक्य झाले.

हीच ओढाताण पालकत्वाच्या बाबतीतही आहे. २०१६चा कायदा त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घेतलेल्या मर्यादित पालकत्वाची भाषा बोलतो. १९९९च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रौढ व्यक्तीलाही पालक नेमून देऊ शकते. दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदत आहेत. कोणता कोठे लागावा हे ठरविणाऱ्या बैठकीत पालक नेमला जाणारा असतोच. ज्याला पालक नेमायचा त्याचे म्हणणे नोंदविण्याची खटपट किती झटून केली जाते, हे त्या त्या समितीवर अवलंबून.

गोव्याने या बाबतीत देशापुढे एक पाऊल टाकले आहे हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला, पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला. मांडवीच्या काठी अशा माणसांची गर्दी जमावी आणि कोणाला संकोच वाटू नये, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु उत्सवाचा मांडव चार दिवसांत उतरतो, आणि अनुदानाचे, शाळांतील साहाय्यक शिक्षकांचे, नोकऱ्यांतील त्या एका टक्क्याचे निर्णय नंतर बंद खोलीत होतात. तो एक टक्काही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून एकच आहे.

त्या खोलीत स्वमग्न सदस्य बसायचा तर काय लागेल? विषयपत्रिका आठवडाभर आधी आणि सोप्या भाषेत. उत्तर तोंडी न देता लिहून किंवा यंत्रावर टंकून देण्याची मुभा. ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचा २०१६च्या कायद्याने समावेश केलाच आहे. हवे असल्यास विश्वासातला एक माणूस सोबतीला, पण मत त्याचे नव्हे, सदस्याचे नोंदवले जावे. एकाच वेळी चौघांनी न बोलणे, हे आमच्या बैठकांना बहुधा सर्वांत अवघड जाईल. आणि फडफडणारी ट्यूब आदल्या दिवशी बदलून ठेवणे.