पाहुण्यांची शिदोरी

फाल्गुनातील सकाळी बागेत फिरावयास जाणाऱ्यांच्या कानांवर एक अखंड कलकलाट पडतो. वर पाहावे, तर निष्पर्ण काटेसावरीच्या लाल फुलांवर पक्ष्यांचा मोठा थवा तुटून पडलेला असतो. डोके, पंख व शेपूट काळी. पाठ व पोट गुलाबी. ही पळसमैना. शेतकरी तिला भोरडी म्हणतो.

धान्याच्या बाजारात भोरडीची ख्याती फारशी चांगली नाही. ज्वारी दाण्यात आली की तिचे थवे शेतात उतरतात आणि राखणदाराला गोफण फिरवावी लागते. परंतु खात्याची एकच बाजू पाहून शिल्लक काढता येत नाही. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात ती पिले वाढविते, तेव्हा टोळ व नाकतोडे हेच तिचे मुख्य अन्न असते. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळांना आळा बसावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचली जातात.

जुलै-ऑगस्टपासून भारतात येऊ लागलेली ही पाहुणी एप्रिलपर्यंत परत जाते. हजारो किलोमीटरच्या या उड्डाणाआधी पक्ष्याला अंगात चरबी साठवावी लागते. तीच त्याची वाटेवरची शिदोरी. याच सुमारास काटेसावर, पळस व पांगारा फुलतात आणि त्यांचा मध तिला मिळतो. तीही फुकट जेवत नाही. कपाळाला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर पोहोचविते.

हा सोहळा पाहण्यास दुर्बिणीचीही गरज नाही. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत, ऊन पाठीवर घेऊन, फुललेल्या झाडापासून थोडे दूर उभे राहावे. निघण्याचे दिवस जवळ येतात तसा तिचा काळा रंग अधिक चकाकतो. शेवटचा थवा कोणत्या तारखेस दिसला, याची नोंद दरवर्षी ठेवल्यास घरातील मुलांना ऋतूंचा हिशेब आपोआप कळू लागतो.

मात्र ही शिदोरी देणारी झाडे शहरांत नकोशी होत आहेत. काटे टोचतात, कापूस उडतो, अशा तक्रारींवरून ती तोडली जातात. त्यांच्या जागी बहुधा गुलमोहर येतो. मूळ मादागास्करचा हा वृक्ष ऐन बहरात येतो तो मे महिन्यात, भोरड्या निघून गेल्यावर.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरातील झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तशी नोटीस झाडावर लावली जाते. ती वाचून मुदतीत हरकत नोंदविणे, हे कोणत्याही नागरिकास शक्य आहे. चबुतऱ्यावर मूठभर दाणे टाकणाऱ्या घरांना हे काम परके वाटू नये. पारव्यांचे पोट दाण्यांनी भरते; या पाहुण्यांना परतीच्या वेळी फुललेली काटेसावर जागेवर सापडली पाहिजे.